घरात हॉल रिकामा असताना स्टुडिओसाठी भाडं का भरायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशकात इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, ४ वर्षांची मुलगी, सकाळी शाळेत कलाशिक्षिकेची नोकरी आणि संध्याकाळी हॉलमध्ये दोन तास ऑइल नाहीतर ॲक्रिलिक रंगांत चित्रकाम. गेल्या वर्षभरात ११ चित्रं विकली गेली. आता पाथर्डी फाट्याजवळ एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली ६,५०० रुपये भाड्याने मिळतेय, डिपॉझिट २५,०००. मिस्टर म्हणतात, "दिवसभर हॉल रिकामाच तर असतो, भाडं कशाला?" आणि तुम्ही विचारताय की वेगळी जागा ही गरज आहे की चैन.

मी गेली २८ वर्षं नाशकात चित्रांवर पोट भरतेय. निम्मं काम व्यक्तिचित्रांचं. शाळा, पतपेढ्या, साखर कारखाने यांच्या सभागृहात संस्थापकांची जी तैलचित्रं लागतात, ती. उरलेलं काम माझ्या मनाचं. या काळात जेवणाच्या टेबलावर काम केलं, वाड्याच्या माडीत केलं, एमआयडीसीतल्या गाळ्यात केलं आणि आता मखमलाबाद रोडला द्राक्षबागेच्या कडेला एका खोलीत करते. त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तरी एक आधीच सांगते: तुम्ही काय रंगवता, किती मोठं रंगवता आणि घरी कोण कोण आहे, यावर उत्तर पूर्ण बदलतं.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका. ते जागेबद्दल बोलतायत आणि जागा खरंच रिकामी आहे. तुमची अडचण हॉल किती मोठा हा नाहीच. संध्याकाळी मांडलेलं काम रात्री जेवणाआधी मोडावं लागतं, ही आहे. तुम्हीच लिहिलंय की वर्तमानपत्र अंथरणं, इझल (चित्र ठेवायचा घोडा) काढणं, रंग मांडणं यात २५ मिनिटं जातात आणि आवरायला २० मिनिटं. म्हणजे दोन तासांतला पाऊण तास मांडामांडी.

आता याचा हिशेब करू, कारण घरात हिशेबाशिवाय कोणी ऐकत नाही. महिन्यात २० दिवस काम धरलं तर ४५ मिनिटांचे झाले १५ तास. खोली घेतली तर हे १५ तास वाचतील, असं वाटतं. पण इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याला स्कूटीने जाऊन-येऊन, गाडी लावून, जिना चढून २० मिनिटं तरी जाणार. २० दिवसांचे झाले ६ तास ४० मिनिटं. ते वजा करा. हातात राहिले ८ तास २० मिनिटं. ६,५०० ला भागलं तर प्रत्येक वाचलेल्या तासाचे तुम्ही जवळपास ७८० रुपये मोजताय. नुसता वेळ वाचवायला खोली घेत असाल, तर सौदा तोट्याचा आहे. हे मी स्टुडिओच्या बाजूची असूनही सांगतेय. मिस्टर हा हिशेब उद्या करतील, त्यापेक्षा तुम्ही आधी केलेला बरा.

मग मी स्वतः २८ वर्षांतली बहुतेक वर्षं भाडं का भरलं? त्याची दोन कारणं सांगते. ती वेळेच्या हिशेबात बसत नाहीत.

पहिलं कारण अंतराचं. सुरुवातीच्या काळात एका शिक्षण संस्थेच्या संस्थापकांचं चित्र केलं होतं, ३ फूट बाय ४ फूट. घरी मी चित्रापासून मागे सरकले की पाच फुटांवर पाठीला फ्रिज लागायचा. त्या पाच फुटांवरून चित्र छान दिसत होतं. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, उपरण्याची जर, सगळं बारकाईने केलेलं. संस्थेत ते स्टेजच्या वरच्या भिंतीवर टांगलं, जमिनीपासून नऊ-दहा फूट उंच. मी शेवटच्या रांगेत जाऊन बघितलं आणि पोटात गोळा आला. सुरकुत्या कुठे दिसत नव्हत्या, कपाळ आणि गाल एकाच रंगाचा सपाट पट्टा झाला होता आणि खालून बघताना हनुवटीखालची सावली दाढीसारखी दिसत होती. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, "साहेबांना दाढी केव्हा होती हो?" मानधन मिळालं, पण त्या संस्थेकडून दुसरं काम आलं नाही.

ती चूक हाताची नव्हती. जे चित्र तीस फुटांवरून बघितलं जाणार, ते मी पाच फुटांवरून बघत होते. साधारण ठोकताळा असा की चित्राची मोठी बाजू जेवढी, त्याच्या तिप्पट तरी मागे जाता आलं पाहिजे. ४ फुटांच्या कॅनव्हासला १२ फूट. तुमच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्हीचं युनिट धरून किती उरतं ते मोजा. तुम्ही दीड बाय दोन फुटांची चित्रं करत असाल, तर सहा फूट पुरतात आणि ते घरात मिळतात. म्हणून आकार विचारतेय. काही जण आरसा वापरतात, पाठीमागे आरसा ठेवून त्यात चित्र बघायचं. अंतर दुप्पट होतं आणि चित्र उलटं दिसल्यामुळे चुकाही उघड्या पडतात. मोबाइलवर फोटो काढून लहान करून बघणं हाही उपाय आहे, पण मोबाइल रंगांत लुडबुड करतो, त्यावर फक्त उजेड-सावली तपासा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि समजावून सांगायला अवघड. अर्धवट चित्र जिथल्या तिथे राहणं. पंचवटीतल्या माडीत मी पहिल्यांदा काम सुरू केलं, तेव्हा सकाळी कुलूप उघडलं की दारातच कालचं चित्र समोर यायचं. आणि दारातल्या त्या पहिल्या दोन सेकंदांत मला चूक दिसायची. आदल्या रात्री तीन तास डोकं खाजवून न दिसलेली. एकदा एका पतपेढीच्या चेअरमनचा डावा कान बोटभर वर सरकलेला होता, चार दिवस मी नाक आणि तोंड दुरुस्त करत बसले होते. पाचव्या दिवशी चप्पल काढता काढता नजर गेली आणि कान दिसला. घरी असते तर ते चित्र रात्री कपाटामागे भिंतीकडे तोंड करून गेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर काढताना माझं लक्ष ओला रंग कुठे लागत नाही ना याकडे असतं.

घरी आपण सोपी चित्रं करायला लागतो, हे आणखी एक. एका बैठकीत आटपेल, पटकन वाळेल, सोफ्यामागे मावेल. हे नकळत होतं. तुमच्या ११ चित्रांचे आकार आणि विषय काढून बघा. सगळी एकाच मापाची आणि ॲक्रिलिकचीच असतील, तर तुमचा हॉल तुमच्या वतीने निर्णय घेतोय. मी घरी काम करत होते त्या पाच वर्षांत माझं एकही चित्र ३ बाय ४ च्या वर गेलं नाही आणि मी समजत होते की मला लहान आकार आवडतो.

याउलट कोणाला स्टुडिओ लागत नाही, तेही सांगते. जलरंगात काम करणाऱ्याला, शाईच्या कामाला, पुस्तकांची चित्रं करणाऱ्याला, टॅब्लेटवर काढणाऱ्याला एक टेबल आणि चांगला दिवा पुरतो. आपल्याकडे शिवाजी तुपे सरांचं उदाहरण आहे. गोदाघाट, देवळं, जुने वाडे त्यांनी प्रत्यक्ष जागेवर बसून जलरंगात रंगवले. त्या कामाचा स्टुडिओ म्हणजे घाटाची पायरी. जलरंगवाल्याने भाड्याच्या पैशात चांगला कागद घ्यावा. आणि शिल्पकाराला पर्यायच नाही; शाडू, प्लास्टर आणि धूळ घेऊन फ्लॅटमध्ये कोणी राहू शकत नाही. तुमच्यासारखी ऑइल आणि ॲक्रिलिकवाली माणसं मधोमध लोंबकळतात.

पण ऑइलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात आधी खटकली. तुम्ही हॉलमध्ये रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला टर्पेंटाइन वापरता आणि मुलगी तिथेच खेळते. टर्पेंटाइनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते. आपण इझलसमोर उभे असतो, आपलं नाक पाच फुटांवर. मुलगी फरशीवर बसलेली असते. स्टुडिओ घ्या किंवा न घ्या, घरात टर्पेंटाइन आजपासून बंद करा. ब्रश आधी फडक्याने पुसून मग साध्या खाद्यतेलात खळबळायचे आणि शेवटी साबणाने धुवायचे, काम भागतं. पण धुणं बाथरूमच्या बेसिनमध्ये, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नाही. विषारी कॅडमियमचे रंग असतात त्यात.

तेलाची फडकी हाही एक प्रकार असतो. एप्रिलमधली गोष्ट. घरी काम करत होते तेव्हा बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या बादलीत पुसलेल्या चिंध्यांचा बोळा टाकून ठेवायचे. दुपारी कपडे काढायला गेले तर बादलीतून जळकट वास येत होता. बोळा उचलला तर आतून चटका बसेल इतका गरम. विस्तव कुठेच नव्हता. ऑइल रंगातलं जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन धरतं आणि त्यातून उष्णता निघते. फडकं पसरून ठेवलं तर ती निघून जाते, बोळा केला तर आत साठत जाते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. तेव्हापासून माझ्याकडे झाकणाचा पत्र्याचा डबा असतो, अर्धा पाण्याने भरलेला. चिंध्या त्यात. घरी काम करणाऱ्या प्रत्येकाने हा डबा आज ठेवावा.

वेगळी जागा घ्यायचं ठरलंच, तर खोली कशी बघायची? इथे उजेड आधी. एजंट तुम्हाला "पूर्वमुखी आहे हो" म्हणून सांगेल. आपल्याला उत्तरेची खिडकी हवी, कारण उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, दिवसभर उजेड एकसारखा राहतो. पण हा नियम थंड, लांबच्या देशांतून आलेला आहे आणि आपल्याकडे तो जसाच्या तसा चालत नाही. नाशिक जवळपास २० अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या खाली. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस (दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर) येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या थोडा उत्तरेला मावळतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतही तिरपं ऊन शिरतं. मला हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं, कॅनव्हासवर खिडकीच्या गजांच्या सावल्या पडल्या तेव्हा. उपाय सोपा आहे: खिडकीला छज्जा आणि मांजरपाटाचा पांढरा पडदा. रंगीत पडदा नको, खोलीभर त्याचा रंग पसरतो.

तुम्ही संध्याकाळी काम करणार, म्हणजे खरं तर खिडकीपेक्षा दिव्याचा प्रश्न मोठा. हॉलच्या पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला रंग सकाळी दुसराच निघतो, हे तुम्ही अनुभवलं असेलच. ५,००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेड किती पिवळा किंवा पांढरा याचं माप) आसपासचा आणि सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी घ्या. दुकानदाराला सीआरआय माहीत नसेल तर खोक्यावर बघा, लिहिलेलं नसेल तर तो दिवा घेऊ नका. दिवा वरून, थोडा बाजूने, म्हणजे ओल्या रंगावर चकाकी येत नाही. हे घरीही करता येतं आणि खोलीच्या भाड्याच्या मानाने खर्च किरकोळ आहे.

गच्चीवरची खोली म्हणताय, तर छत स्लॅबचं आहे की पत्र्याचं? तुम्ही लिहिलेलं नाही. पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून जातं, ब्रश उचलेपर्यंत चिकट. आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा उलट अडचण. फार थंडीत ॲक्रिलिकचा थर नीट धरत नाही, पुढे भेगा पडतात. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज सहन होतो, गळणं होत नाही. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवले तर ऑगस्टपर्यंत मागून बुरशी. भिंतीपासून चार बोटं लांब, जमिनीपासून वीतभर वर, उभे रचायचे. सातपूर एमआयडीसीतल्या गाळ्यात पत्रा होता, मी दोन उन्हाळे काढले आणि तिसऱ्याच्या आधी सोडला.

जिना बघा. हे हसण्यावारी नेऊ नका. माडीत मी ६ बाय ८ फुटांचं एक चित्र हौसेने केलं. वाड्याचा जिना अंधारा, अरुंद, वर डोकं वाकवून जायचा दरवाजा. कॅनव्हास वर नेताना गुंडाळी होती, लाकूड वेगळं, सगळं वरच ठोकलं होतं. खाली आणताना लक्षात आलं. शेवटी चित्र लाकडावरून सोडवलं, पीव्हीसीच्या जाड पाइपवर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळलं आणि खाली आणून पुन्हा ताणलं. रंगाची बाजू बाहेरच ठेवायची असते, आत गुंडाळली तर रंगाचा थर दाबला जाऊन चुरगळतो. दोन दिवस गेले आणि एका कोपऱ्यात रंग तडकला तो तडकलाच. खोली बघायला जाताना तुमच्या सगळ्यात मोठ्या कॅनव्हासच्या मापाचा पुठ्ठा घेऊन जा आणि तो जिन्यावरून वर नेऊन दाखवा स्वतःलाच. घरमालक वेडी समजतील, समजू देत.

आता करारनामा. पंचवटीतली माडी मी बारा वर्षं तोंडी बोलीवर वापरली. मालक भला माणूस, भाडं वेळेवर, कागद कशाला? २०१५ चा सिंहस्थ कुंभमेळा आला. त्या वर्षी गोदाकाठच्या प्रत्येक खोलीला भाव आला होता आणि मालकांच्या मुलाने मला मे महिन्यात सांगितलं की जूनअखेर खोली मोकळी करा, पाहुण्यांना द्यायचीय. वादाला जागाच नव्हती, माझ्या हातात चिठोरंही नव्हतं. भर पावसात ४० कॅनव्हास टेंपोत घालून हलवले, दोन फाटले. आता पुढचा कुंभ तोंडावर आहे, २०२७ मध्ये पर्वणी, आणि नदीकाठची जागा तर सोडाच, शहरातले मालक आत्तापासून भाव बघून बोलतात. तुमची खोली पाथर्डी फाट्याला आहे म्हणून धोका कमी, पण ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवूनच घ्या. महाराष्ट्रात तो नोंदवणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. मालक "कशाला खर्च" म्हणाले तर अर्धा खर्च तुम्ही द्या, ऑनलाइन होतं. करारात दोन वाक्यं घालून घ्या: जागा चित्रकामासाठी वापरली जाईल आणि सोडताना भिंतींवरच्या रंगाच्या डागांसाठी जास्तीत जास्त किती रक्कम कापली जाईल. दुसरं वाक्य नसल्यामुळे माझं एक डिपॉझिट पूर्ण गेलं. विजेचं मीटर घरगुती आहे का आणि मालकांना चित्रकामाची कल्पना आहे का, तेही आधीच बोलून घ्या.

पंचवटी सोडल्यावर मी भांडी बाजाराच्या मागे एका वाड्यात गेले. जुन्या नाशकातल्या वाड्यांसारखी उंच, थंडगार जागा मला दुसरी माहीत नाही, अजूनही आठवण येते. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी बाजारात शिरलं. माझी चित्रं वरच्या मजल्यावर होती, वाचली. खालच्या खोलीत फ्रेमची लाकडं आणि कागदांचे गठ्ठे होते, त्यांचा लगदा झाला. स्वस्त आणि सुंदर जागा दिसली की ती स्वस्त का आहे ते शेजाऱ्याला विचारायचं, एजंटला नाही.

घरी काम करण्याबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्याच गावाशी जोडलेली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट दादरच्या राहत्या बंगल्यात केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई तिथे एवढ्या मोठ्या मंडळींचा स्वयंपाक करत आणि रात्री फिल्म धुवायला, छिद्रं पाडायला मदत करत. मग १९१३ मध्येच फाळक्यांनी बस्तान नाशकात हलवलं. मोकळी जागा, गोदाकाठ, जुने वाडे, झाडं सगळं हाताशी. ही कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला त्यात दरवेळी त्या बंगल्यातलं स्वयंपाकघर दिसतं. घरात स्टुडिओ थाटला की घरातली सगळी माणसं त्यात कामाला लागतात, त्यांनी होकार दिलेला असो वा नसो. आज तुमच्या घरी मिस्टर रात्री टीव्हीचा आवाज कमी करतात, मुलीला "आईच्या चित्राला हात नको" म्हणून तीनदा ओरडा बसतो, जेवण साडेनऊला होतं. हेही भाडंच आहे. मिस्टरांशी बोलताना "माझी कला" इथून सुरुवात करू नका, इथून करा.

आणि उलटही. बाई घरी असली की ती मोकळी आहे असं सगळे धरून चालतात. कुरिअरवाला, वरच्या मजल्यावरच्या काकू, गॅसवाला. ब्रश हातात असलेली बाई कोणाला कामात दिसत नाही. कुलूप लावून बाहेर पडलेली दिसते.

स्टुडिओ घेऊन पस्तावलेलेही माझ्या ओळखीत आहेत, मीही त्यात होते. माडी मिळाल्यावर पहिले तीन महिने मी जवळपास काहीच केलं नाही. भिंत रंगवली, फळ्या ठोकल्या, खिडकीत बसून चहा प्याला, दोन मैत्रिणींना बोलावून दाखवली. भाडं भरतेय म्हणजे काम करतेय, असं मनाला वाटायला लागतं. जागा मिळाली की धार येते असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. घरी आठवड्यातून चार दिवस बसत नसाल, तर खोलीत दोन दिवसही बसणार नाही, कारण तिथे जावं लागतं. माझं तरी असं की घरापासून १५ मिनिटांच्या पुढची जागा हळूहळू रविवारची जागा होते. पाथर्डी फाटा त्या आत बसतो, हे या खोलीच्या बाजूने.

पैशांबद्दल माझा स्वतःचा नियम सांगते, तो कोणाच्या पुस्तकातला नाही. भाडं चित्रांच्या पैशातून जायला हवं, पगारातून नाही. गेल्या १२ महिन्यांत चित्रांतून जे हातात आलं, रंग-कॅनव्हास-फ्रेमचा खर्च वजा जाता, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात वर्षाचं भाडं बसतंय का? तुमच्या खोलीचं वर्षाचं भाडं ७८,०००. म्हणजे ११ चित्रांतून खर्च वजा जाता २,३४,००० च्या वर सुटले असतील तर डोळे मिटून खोली घ्या. त्याच्या खूप खाली असाल, तर ही खोली एकटीने घेऊ नका. दोघी-तिघींत घ्या. शाळेत तुमच्यासारख्या कलाशिक्षिका असतील, एखादीला फक्त शनिवार-रविवार हवा असेल. तिघींत भाडं एक तृतीयांश होतं आणि प्रत्येकीला एक भिंत मिळते. सोबत काम करणाऱ्या बाईच्या रंगांचा वास, तिची गाणी आणि फोन यावर मात्र आधीच बोला. मी एका मैत्रिणीबरोबर गाळा वाटून घेतला होता. आम्ही ऑइल आणि ॲक्रिलिकवर भांडलो नाही, रेडिओवर भांडलो.

आणखी एक मधला मार्ग, आणि मी तुमच्या जागी असते तर आधी हाच केला असता. एक महिना वही ठेवायची. रोज तीन गोष्टी लिहायच्या: मांडायला-आवरायला किती मिनिटं गेली, प्रत्यक्ष ब्रश किती वेळ चालला आणि काम कशामुळे थांबलं. त्याच महिन्यात घरातली एक भिंत, फक्त एक, चार फूट रुंदीची, मागून घ्यायची. सोफा सरकवा, बेडरूममधलं जुनं कपाट विका, काहीही करा. त्या भिंतीवर चित्र टांगलेलं राहणार, रात्री उतरवायचं नाही, पाहुणे आले तरी नाही. खाली चाकांची ट्रॉली, त्यावर रंग. त्या महिन्यात ॲक्रिलिकच करा. महिन्याच्या शेवटी वहीत "जागा नव्हती", "मागे जाता आलं नाही", "आवरावं लागलं" हे जास्त वेळा आलं असेल तर खोली घ्या. "दमले होते", "सुचलं नाही", "फोन आला" हे जास्त असेल तर साडेसहा हजार वाचवा.

थोडक्यात माझा कल असा. ऑइल सोडायचं नसेल तर मुलगी लहान आहे तोवर ते घराबाहेरच हवं, म्हणून खोली, पण वाटून. ॲक्रिलिकवर आणि दोन फुटांच्या आत राहणार असाल, तर एक भिंत आणि एक चांगला दिवा, वर्षभराने पुन्हा विचार.

खोली बघायला दुपारी तीनला जा, सकाळी नको, सकाळी सगळ्याच खोल्या चांगल्या दिसतात. नळ सोडून बघा आणि पाणी किती वाजता येतं ते विचारा. ब्रश धुवायला गच्चीवरून खाली उतरावं लागलं तर आठवड्यात कंटाळाल. आणि खिडकी कोणत्या दिशेला आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघून इथेच कळवा. पश्चिमेला असेल आणि वर पत्रा असेल, तर साडेपाच हजारांच्या वर एक रुपया देऊ नका.